कॉलेजसाठी घरून अपडाऊन करायचं का रूम करून राहायचं? हिशोब नेमका कशाचा मांडायचा ते सांगते

दरवर्षी जून-जुलै आला की माझा फोन सुरू होतो. आमच्या कराडकडच्या नातेवाईकांत पुण्यात राहून इंजिनिअरिंग केलेली मी पहिली मुलगी, त्यामुळे बारावीचा निकाल लागला, सीईटीचं पर्सेंटाइल हातात आलं की कुणाचे ना कुणाचे आईवडील विचारतात, "ताई, पोरीला घरूनच जाऊ दे म्हणावं का पुण्याला ठेवावं?" यंदा तर दादाचाच फोन आला, माझ्या भाचीसाठी. तासभर बोललो तरी संपलं नाही, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

मी दोन्ही केलंय. डिप्लोमाची तीन वर्षं गावातून कराडला एसटीने अपडाऊन, आणि नंतर डायरेक्ट सेकंड इयरला ॲडमिशन घेऊन पुण्यात तीन वर्षं कॉट बेसिसवर, म्हणजे इतर मुलींबरोबरच्या रूममध्ये एक कॉट भाड्याने घेऊन. त्यामुळे घरचं सुखही माहितीये आणि मेसची आमटीही. आणि दोन्ही करून माझं एकच मत झालंय, की लोक हा प्रश्न किलोमीटर आणि भाडं एवढ्यावरच सोडवतात, आणि जे मोजायला हवं ते म्हणजे मुलाच्या दिवसातले तास आणि घरात त्याला मिळणारी जागा, ते कुणी मोजतच नाही.

आधी एक गोष्ट जी फार जणांची चुकते. बहुतेक घरांत राहायचं कुठे हा विषय ॲडमिशन झाल्यावर निघतो. पण इंजिनिअरिंगला कॅपचा (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरताना, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम लावताना, तुम्ही तो निर्णय घेऊन टाकलेला असतो, फक्त तुम्हाला कळलेलं नसतं. फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, म्हणून सायबर कॅफेत बसून भराभर कॉलेजं टाकली जातात, पुण्याचं एक, सांगलीचं एक, कोल्हापूरचं एक, आणि पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा पर्याय लागला की ती सीट फ्रीझ, पुढच्या फेऱ्यांत तुम्हाला जाता येत नाही. मग घरी चर्चा सुरू होते की अरे पण राहणार कुठे, झेपणार कसं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, फॉर्म भरायच्या आधी एका कागदावर प्रत्येक कॉलेजपुढे लिहा, हे लागलं तर घरून का बाहेर, आणि वर्षाला अंदाजे किती. ज्या कॉलेजपुढे काही लिहिता येत नाही ते वर टाकू नका.

आता तासांचं सांगते. आमचं गाव कराडपासून २२ किलोमीटर. कुणालाही सांगितलं तर म्हणेल, हे तर जवळच आहे, अर्धा-पाऊण तासाचं काम. पण माझा दिवस असा होता: घरातून ७:२० ला निघायचं, ७:४० ची गाडी, साडेआठला स्टँड, पावणेनऊला कॉलेजात. कॉलेज दहाला सुरू. मग एवढ्या लवकर का, तर पुढची गाडी दहाला पोचवायची नाही. संध्याकाळी प्रॅक्टिकल पाचला सुटायचं, गाडी पावणेसहाला, थांबत थांबत घरी सव्वासात. म्हणजे बारा तास बाहेर, त्यातले सात कॉलेजचे आणि पाच जाण्यायेण्याचे आणि थांबण्याचे. वर्षाचे १८० दिवस कॉलेज धरलं तर ९०० तास झाले. २२ किलोमीटरसाठी!

उलट माझी एक पुण्यातली रूममेट मूळची बदलापूरची, तिचा भाऊ तिथून माटुंग्याला जायचा, अंतर माझ्या दुपटीहून जास्त, पण लोकल चुकली तर थोड्या वेळात दुसरी असते म्हणून तो नऊच्या लेक्चरला हिशोबाने निघू शकायचा. गर्दीचा त्रास वेगळा, तो मी नाकारत नाही, पण वेळ त्याच्या हातात होती. म्हणून अंतर विचारूच नका. विचारायचे प्रश्न हे: एक गाडी चुकली तर पुढची किती वेळाने आहे? बसायला जागा मिळते का, कारण बसून वाचता येतं, उभं राहून नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटची गाडी किती वाजता आहे?

ही शेवटच्या गाडीची गोष्ट मला फार लागलेली आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजात रोबो बनवणारा एक ग्रुप होता, काम सगळं पाचनंतर चालायचं. मी दोन दिवस थांबले, तिसऱ्या दिवशी बाबा मोटरसायकल घेऊन अंधारात न्यायला आले आणि काही बोलले नाहीत, पण मीच परत थांबले नाही. कॉलेजमध्ये शिकायला मिळतं त्यातलं बरंचसं लेक्चर सुटल्यावर मिळतं, लॅबमध्ये, कँटीनमध्ये, सीनियरच्या रूमवर, प्रोजेक्टच्या भांडणात. अपडाऊन करणाऱ्याला त्यातलं निम्मं दिसतच नाही. हे पालकांच्या लक्षात येत नाही कारण हजेरी भरलेली असते आणि मार्कही येत असतात.

माझा साधा ठोकताळा आहे. दारातून निघून परत दारात येईपर्यंतचा वेळ, त्यातून कॉलेजचे तास वजा करा. उरले ते दोनच्या आत असतील तर घरूनच जा, बिनधास्त. तीनच्या वर जात असतील तर बाहेर राहायचा गंभीरपणे विचार करा. दोन ते तीनमध्ये असेल तर घर कसं आहे त्यावर सगळं, त्याबद्दल पुढे बोलते.

आधी पैसे बघू. माझ्याच त्या अपडाऊनपुढे आजची पुण्यातली रूम मांडते, आकडे तुम्ही तुमच्या शहराचे घाला. तिघांच्या रूममध्ये एक कॉट धरू महिन्याला ५,५००, आणि ते बारा महिन्यांचं धरायचं, कारण सुट्टीत गावी गेलात तरी कॉट अडवलेली असते. वर्षाचे ६६,०००. मेस दोन वेळची ३,३०० धरली तर दहा महिन्यांचे ३३,०००. झेरॉक्स, रिचार्ज, साबण, औषध, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते त्या दिवशीचं जेवण, हे सगळं मिळून महिन्याला २,००० म्हणजे २०,०००. गावी ये-जा ५,०००. एकूण १,२४,०००. डिपॉझिट वेगळं, ते परत येतं असं धरू. घरून गेलं तर? एसटीचा विद्यार्थी पास दोन तृतीयांश सवलतीत मिळतो, म्हणजे तिकिटाच्या एक तृतीयांश पैशात, तो वर्षाला ८,००० धरू. आणि दुपारी भूक लागते, डबा सकाळी सातला भरलेला असतो, संध्याकाळी पाचला वडापाव-चहा होतोच, रोजचे ६० धरले तर १०,८००. म्हणजे घरून साधारण १९,०००. फरक १,०५,००० रुपयांचा.

एक लाख पाच हजार हा शेतकरी घरात किंवा एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात मोठा आकडा आहे, मी तो हलका करून दाखवणार नाही. पण त्यातून काय मिळतं तेही बघा. माझे ते ९०० तास. बाहेर राहिलं तरी कॉलेजला चालत जावं लागतं, कपडे धुवावे लागतात, मेसला जावं लागतं, त्याचा रोजचा दीड तास धरून २७० तास वजा केले तरी ६३० उरतात. म्हणजे तासाला पावणेदोनशेच्या आत पैसे देऊन तुम्ही मुलाला वेळ घेऊन देताय. आता ते तास अभ्यासात, प्रोजेक्टमध्ये, झोपेत गेले तर सोनं झालं. मोबाईलवर गेले तर पैसे पाण्यात. हे मुलाला समोर बसवून, आकडे दाखवून बोलावं. मला बाबांनी असं कागदावर दाखवलं होतं तेव्हा मी रडले होते, पण सेमिस्टरमध्ये मन भरकटायला लागलं की तो कागदच आठवायचा.

घरून जाणं स्वस्त म्हणताना एक खर्च लोक विसरतात तो म्हणजे गाडी. एसटीचे हाल नकोत म्हणून पहिल्याच वर्षी पोराला मोटरसायकल घेऊन देतात. गाडीचा हप्ता, पेट्रोल, सर्व्हिसिंग धरलं की रूमच्या भाड्याएवढं होतंच, आणि वर पावसाळ्यात हायवेवरून रोज चाळीस-पन्नास किलोमीटर, आई संध्याकाळी दाराकडे बघत बसलेली. गाडीच्या पैशात पहिल्या वर्षाची रूम आणि मेस होते, हे मी दोन घरांना तरी पटवलंय.

आता सरकारी मदतीचं, कारण याचा राहण्याच्या निर्णयाशी थेट संबंध आहे आणि कितीतरी जणांना ठाऊकच नसतं. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला, त्यानुसार कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक कोर्सला ॲडमिशन मिळाली तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण राहण्याजेवणाचा खर्च त्यात नाही. म्हणजे या मुलींसाठी आता शिक्षणाचा खरा खर्च राहण्याचाच उरलाय, आणि तिथेच घरचे म्हणतात, जवळचं कॉलेज घे. फी माफ होऊनही मुलगी चांगल्या कॉलेजला जात नसेल तर फार वाईट वाटतं मला.

राहण्यासाठी वेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना, ज्यात आधी सरकारी वसतिगृहाला अर्ज करायचा आणि तिथे जागा मिळाली नाही तर मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० मिळतात, भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. लहान शहरांना रक्कम कमी. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं खातं, हजेरी वगैरे, पण यांचा गाभा एकच, की ही मदत गाव सोडून राहणाऱ्याला आहे. स्वाधारला तर अटच आहे की ज्या शहरात कॉलेज तिथला स्थानिक रहिवासी नसावा. म्हणजे वरच्या १,२४,००० मधून ६०,००० वजा होत असतील तर सगळं गणितच बदलतं. फक्त खर्च आधी होतो आणि पैसे नंतर जमा होतात, त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांची सोय स्वतःची हवी. शैक्षणिक कर्जातही हॉस्टेल-मेसचा खर्च बसतो आणि ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण फीसाठी आधीच कर्ज काढलं असेल तर मेससाठी ते वाढवू नये असं मला वाटतं, चार वर्षांनी ते पोराच्याच मानेवर असतं.

आणि एक सांगते, बाहेर राहून शिकणं ही चैन आहे असं म्हणणाऱ्यांना. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग काढलं. का, तर हुशार पोरं शाळा नाही म्हणून थांबत नव्हती, शहरात राहायला खोली आणि खायला भाकरी नाही म्हणून थांबत होती. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे ओळखलं त्यांच्या जिल्ह्यात आपण राहतो. राहायची सोय हा शिक्षणाचाच भाग आहे.

आता घर. घरी राहणं म्हणजे नुसतं फुकट जेवण नाही, घरी आधार असतो. ताप आला तर कुणीतरी कपाळाला हात लावतं, पेपर वाईट गेला तर आई तोंड बघूनच ओळखते. पहिल्या वर्षी कितीतरी पोरं एकटेपणाने कोसळतात, त्यांना घरानेच धरून ठेवलेलं असतं. पण प्रत्येक घरात अभ्यासाला जागा असतेच असं नाही. दोन खोल्या, त्यात टीव्ही, आजी, धाकटा भाऊ, आणि नऊला दिवे बंद. आणि मुलगी असेल तर? मी सव्वासातला घरी पोचायचे, पाय धुऊन होईपर्यंत भाकरीचं पीठ पुढ्यात असायचं. आई वाईट नव्हती, तीही दिवसभर रानातून आलेली असायची. पण माझा चुलतभाऊ त्याच गाडीने यायचा आणि कॉटवर आडवा व्हायचा. सुगीच्या दिवसांत, घरात लग्न निघालं, पाहुणे आले, की पहिली रजा मुलीच्या कॉलेजची पडते. म्हणून मुलगी घरून जाणार असं ठरवत असाल तर फॉर्म भरायच्या आधीच बोलून घ्या, रात्री आठ ते साडेदहा तिला कुणी उठवणार नाही, परीक्षेच्या महिन्यात स्वयंपाकाला हात नाही. हे होणार नसेल असं मनातून माहीत असेल, तर तिच्यासाठी रूमचे पैसे जमवा.

मधला एक मार्ग म्हणजे नातेवाईकांकडे राहणं, मामाकडे, आत्याकडे. "मामाचं घर असताना रूम कशाला?" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. मामा हो म्हणतो, प्रेमाने म्हणतो, पण डबा मामी करते, तिला कुणी विचारलंय का? चार वर्षं म्हणजे चार दिवस नाहीत. पोराला उशिरा यायला संकोच वाटतो, मित्र आणता येत नाहीत, जास्तीची चपाती मागवत नाही, आणि एखाद्या किरकोळ कारणावरून दोन घरं आयुष्यभरासाठी दुरावतात. माझं मत स्पष्ट आहे, नातेवाईकांकडे पहिले एक-दोन महिने राहा, शहर कळेपर्यंत, रूम बघेपर्यंत, आणि त्या काळातही किराण्याला हातभार लावा. मग रविवारी जेवायला जात राहा. नातं टिकतं.

बाहेर राहायचं ठरलं तर कॉलेजचं हॉस्टेल मिळत असेल तर पहिल्या वर्षी तेच घ्या. सीनियर भेटतात, आजारी पडलं तर कुणीतरी असतं, येण्याजाण्याची वेळ पाळावी लागते ती सुरुवातीला बरीच असते. रॅगिंगची भीती असेल तर महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, आणि १८००-१८०-५५२२ ही देशपातळीवरची हेल्पलाइन आहे, नंबर मोबाईलमध्ये ठेवून द्या. हॉस्टेल नाही मिळालं तर रूम बघायला पालकांनी स्वतः जावं, आणि संध्याकाळी जावं, सकाळी नाही. संध्याकाळी पाणी येतं का, जिन्यात दिवा आहे का, त्या गल्लीतून एकटी मुलगी आठला येऊ शकते का, हे संध्याकाळीच कळतं. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याने राहण्याचा करार होत असेल तर तो आपल्या राज्यात नोंदवावाच लागतो, बहुतेक ११ महिन्यांचा असतो, त्याची प्रत मागा. कॉट बेसिसवर करार नसेल तर निदान डिपॉझिट ऑनलाइन भरा म्हणजे पुरावा राहतो. मी रोख दिलं होतं, पावती घेतली नाही, आणि सोडताना रंगकामाच्या नावाखाली निम्मंच परत मिळालं. आणि कुणी भाड्यावर जीएसटी मागत असेल तर लक्षात ठेवा, महिन्याला माणशी २०,००० पर्यंत भाडं आणि सलग ९० दिवस राहणं असेल तर २०२४ पासून तो लागत नाही. मेसला खाड्याचं आधी विचारून घ्या, गावाला गेल्यावर किती दिवसांनंतर पैसे वजा होतात ते, नाहीतर दिवाळीचे पंधरा दिवस फुकट जातात.

पहिल्या वर्षी सहा महिने मला मेसचं जेवण गेलंच नाही. मग आई दर शनिवारी एसटीतून डबा पाठवायला लागली. पितळी कडीचा चार पुडांचा डबा, झाकणावर लाल नेलपॉलिशने माझं नाव, वरून जुन्या साडीच्या पट्टीने आवळून बांधलेला. कंडक्टरकाकांच्या सीटजवळून तो उचलायला मी स्वारगेटला अर्धा तास आधीच उभी असायचे. शेंगदाण्याची चटणी, खरडा, कडक भाकरी, आणि सगळ्यात खालच्या पुडात एक चिठ्ठी. आम्ही तिघी रूममेट मिळून तो डबा खायचो, आणि सोमवारी रिकामा धुऊन परत पाठवायचो, त्यातही एक चिठ्ठी. घरी असताना आईशी जे बोलले नव्हते ते त्या चिठ्ठ्यांत बोलले.

भाचीचं काय झालं तेही सांगते. तिला दोन कॉलेजं मनात होती, एक कराडचं आणि एक पुण्याचं. मी म्हटलं कागद राहू दे बाजूला, आधी तीन दिवस कॉलेजच्या वेळेवर खरंच जाऊन ये, पावसात, सॅक घेऊन. ती गेली. आता आमच्या गावाला गाड्या वाढल्यात, तिला एकूण पावणेदोन तास लागले, आणि परतीची शेवटची गाडी साडेआठची आहे. मग वहिनीशी रात्रीच्या वेळेचं बोलणं झालं, माडीवरची धान्याची खोली रिकामी करून तिथे टेबल टाकायचं ठरलं. तिने कराड पहिल्या नंबरला टाकलंय, पुणे दुसऱ्या. दादा काल टेबल बघायला गेला होता, मला फोटो पाठवला आणि विचारलं, "खण असलेलं घेऊ का साधं?" मी म्हटलं, खण असलेलं घे, आणि कुलूप लागतंय का बघ.